रविवारचा मासा

वाघोलीत बजरंगआप्पांची एक जुनी दगडखाण होती. दगड संपला, क्रशर बंद पडला, खाणीत पावसाचं पाणी साठलं आणि पुढची दहा वर्षं तिथे म्हशींखेरीज कुणी फिरकलं नाही. शेजारी सोसायट्यांचे टॉवर उभे राहू लागले तेव्हा तिथे बिगारी म्हणून भंडाऱ्याकडून आलेला बद्रीनाथ एका दुपारी त्या पाण्याकाठी जाऊन बसला. तो जातीने ढीवर. गावच्या तलावात त्याच्या आज्या-पणज्यांनी मासे धरले होते. त्याने ओंजळभर पाणी हुंगलं, थोडं तोंडात धरून थुंकलं, आणि संध्याकाळी आप्पांच्या ओट्यासमोर उभा राहून म्हणाला, "तुमच्या खानीत मासोळी चांगली होईल जी. मले एक साल देऊन पाहा."

आप्पांचं काही जाणार नव्हतं. त्यांनी खाण दिली.

बद्रीनाथने पाण्यात चुना टाकला, शेण टाकलं, पाण्याला हिरवट रंग चढेपर्यंत वाट पाहिली आणि मग बोटाएवढी पिलं आणून सोडली. रोहू, कटला, मृगळ. बायको वेणूबाई आणि मुलगी प्रियदर्शनी यांना गावाहून आणलं. खाणीच्या उतारावर क्रशरच्या ऑफिसची पत्र्याची खोली होती, ती त्यांचं घर झाली. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड भिजवून गोळे करायचं काम वेणूबाईचं. ते गोळे घेऊन बद्रीनाथ कमरेएवढ्या पाण्यात उभा राहायचा आणि मासे त्याच्या पायांशी यायचे. पावसाळ्यात सलग ढग राहिले की सकाळी मासे वर येऊन तोंड उघडायचे. पाण्यातला प्राण कमी झाला, असं तो म्हणायचा. मग फळी घेऊन पाण्यात उतरायचा आणि ऊन पडेपर्यंत पाणी बडवत राहायचा, चार-चार तास. त्याचे खांदे सुजायचे, वेणूबाई शेक द्यायची. सहा वर्षांत खाणीतले मासे कधी मेले नाहीत. दर गुरुवारी बाजाराचा टेम्पो यायचा, जाळं लागायचं, दीड-दोन किलोचे मासे बर्फात भरून जायचे.

मासे धरून विकण्यात त्याला काही वाटायचं नाही. खायला वाढवले, खायला गेले. त्याच्या हिशेबी त्यात कुणाचा अपमान नव्हता.

आप्पांचे गुडघे गेले आणि खाणीचा कारभार त्यांच्या मुलाकडे, साईनाथकडे आला. साईनाथ इंजिनिअरिंग करून घरी बसलेला, बोलायला गोड, डोक्याने तल्लख. तो मित्रांबरोबर नेपाळला फिरायला गेला होता. तिथे डोंगरात एकाने लहानलहान तळ्यांत मासे पाळले होते आणि पाहुणे स्वतः गळ टाकून मासे काढत होते. परत आल्यावर साईनाथ खाणीकाठी उभा राहून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बद्रीकाका, आपण आजवर चुकीची गोष्ट विकत होतो."

महिनाभरात काठावर रंगीत छत्र्या आल्या, लाकडी फळ्यांचा धक्का आला, दहा रॉड आले. आयटीतली माणसं शनिवार-रविवारी गाड्या घेऊन येऊ लागली. मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा, असा नियम होता. खायला हवाच असेल तर वेणूबाई बाजारातून आणलेला मासा तळून द्यायची. खाणीतला मासा मारायचा नाही, कारण तो पुढच्या रविवारी पुन्हा लागायचा.

गळ काढायचं काम बद्रीनाथकडे होतं. गळाला उलटा काटा असतो. मागे ओढला तर तोंड फाटतं. म्हणून टोक पुढे ढकलून बाहेर काढायचं, पक्कडीने काटा तोडायचा आणि मग गळ मागे घ्यायचा. पाहुण्यांना तेवढा धीर नसायचा. दिवाळीपर्यंत खाणीत असा मासा राहिला नाही ज्याचा ओठ शाबूत होता. काहींचा वरचा जबडाच लोंबत असायचा. अशा माशाला गोळा खाता येत नाही. तो पाण्यात नुसता तोंड उघडत-मिटत फिरतो आणि वाळत जातो. बद्रीनाथ असे मासे वेगळे काढून मारायचा आणि झाडाखाली पुरायचा. शिजवू देत नसे.

"आपन काहून नाही खायचे?" वेणूबाईने एकदा विचारलं.

"नोको," तो म्हणाला. फावड्याने खड्ड्यावर माती ओढली.

डिसेंबरात थंडी पडली आणि मासे तळाशी जाऊन बसले. गळाला काही लागेना. नेमका अशाच एका रविवारी एका कंपनीचा चाळीस जणांचा गट आला होता. अकरा वाजले तरी एकही मासा नाही. लोक कंटाळले, मोबाइल काढून बसले. साईनाथचा चेहरा उतरला. त्याने बद्रीनाथला पलीकडून पाण्यात उतरायला आणि पाणी बडवत मासे धक्क्याकडे हाकायला सांगितलं. ही रीत बद्रीनाथला माहीत होती. जाळं लावताना तो हेच करायचा. बनियन घालून तो गार पाण्यात शिरला.

गटाचा प्रमुख आमोद नावाचा पस्तिशीचा माणूस होता. त्याने गळ फेकला आणि तो बद्रीनाथच्या बनियनला पाठीवर अडकला. आमोदला वाटलं, मोठा मासा. त्याने रीळ गुंडाळायला सुरुवात केली आणि सगळ्यांना दिसलं की दोरीच्या टोकाला माणूस आहे.

पहिल्यांदा एकजण हसला. मग सगळे. आमोदलाही मजा वाटली. त्याने दोरी सैल सोडली, पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. बद्रीनाथ हात वर करून, अडकलंय, थांबा, असं सांगत होता. त्याने वळून साईनाथकडे पाहिलं. साईनाथने धक्क्यावरून हाताने खूण केली: चालू दे. बद्रीनाथ क्षणभर तसाच पाण्यात उभा राहिला. मग पुढे पडला आणि त्याने पाय आपटले, माशासारखे.

वेणूबाई चुलीपाशी होती. तिने हे सगळं पाहिलं. आमोदने बद्रीनाथला काठावर ओढून आणलं, काखेत हात घालून त्याला अर्धवट उचललं आणि लोकांनी फोटो काढले. वजन किती असेल यावर पैजा लागल्या. मग कुणीतरी "रिलीज, रिलीज" म्हणू लागलं, सगळ्यांनी ते धरलं, टाळ्यांच्या ठेक्यावर. बद्रीनाथ वळला आणि चालत पुन्हा पाण्यात गेला.

त्या दिवशी गट खूश होऊन गेला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीने फोनवरच विचारलं की तो माणूस असणार ना.

वेणूबाई आप्पांकडे गेली. ते ओट्यावर पाय पसरून उन्हात बसले होते. तिने सगळं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला कुनी मारलं का?"

"नाही जी."

"मग? पान्यातला मानूस पान्यात उतारला. त्यात इशेष ते काय?"

ती परत आली तेव्हा खोलीत साईनाथ बसला होता. त्याने नारिंगी रंगाचं जाड जाकीट आणलं होतं, पोहणाऱ्यांचं असतं तसं. पाठीवर एक मजबूत पट्टी शिवायची होती, म्हणजे गळ तिथेच अडकवता येईल आणि काकांना लागणार नाही. बाहेरून शिवून आणायला वेळ नव्हता. त्याने मोठ्या आदराने विचारलं, "काकू, तेवढं शिवून द्याल?"

तिने बद्रीनाथकडे पाहिलं. तो म्हणाला, शिव. तिने दाभण घेतला आणि दुहेरी दोऱ्याने पट्टी शिवली.

त्यानंतर तिने त्याला चार-पाचदा विचारलं, आपण इथून जाऊ या का. बिगारी काम कुठेही मिळेल, तिला खानावळीत पोळ्या लाटता येतील. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण कसंही निभेल. तो ऐकून घ्यायचा. शेवटी एकदा म्हणाला, "मी पान्यात असलो का ते मासोळीच्या मागं नाही लागत. चार रविवार झाले. आता तोंडं भरून राहिली त्यायची. तू पाहून घे."

तिने पाहिलं. खरंच होतं. सकाळी गोळे खायला आलेल्या माशांच्या ओठांवर पांढरी कड धरली होती. तिने पुन्हा विचारलं नाही.

साईनाथने त्या खेळाला "बिग कॅच" असं नाव दिलं. फळ्यावर खडूने वेळ लिहिली जाऊ लागली. जेवणाआधी एकदा, चहाआधी एकदा. बद्रीनाथही शिकत गेला. केव्हा बुडी मारायची, केव्हा दोरीला झटका द्यायचा, काठाशी आल्यावर कसं तडफडायचं. लहान मुलं त्याला हात लावून पाहायची. एका बाईने त्याच्या तोंडात बिस्कीट भरवलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, जेवणं झाल्यावर, एका तरुणाने उगाच गळ फेकला. खेळाची वेळ नव्हती. बद्रीनाथ पाण्यात वाहून गेलेली प्लॅस्टिकची बाटली आणायला उतरला होता, अंगात जाकीट नव्हतं. गळ त्याच्या गालात शिरला, ओठाच्या कोपऱ्याशी. तरुणाला दोरी जड लागली आणि त्याने ओढली.

बद्रीनाथला ओरडता येईना. तोंड उघडलं की गाल फाटत होता. तो दोन्ही हातांनी दोरी धरू पाहत होता, पण ती तंगूसाची, नायलॉनची बारीक दोरी ओली झाली की हातातून सुटते. धक्क्यावरच्या लोकांना वाटलं, आज जास्तच छान करतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मोबाइल वर झाले. तरुण मागे झुकून ओढत होता आणि शेजारचा त्याला रीळ कसं फिरवायचं ते सांगत होता.

वेणूबाईला त्याच्या हातांची हालचाल वेगळी वाटली. ती झारा टाकून धावली, लुगड्यासकट पाण्यात गेली आणि दोरी दाताने तोडली. तेव्हा टाळ्या थांबल्या. तिने त्याला उतारावर बसवलं, पक्कड आणली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. टोक पुढे ढकलून गालातून बाहेर काढलं, काटा तोडला, गळ मागे घेतला. त्याने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिथे त्याच्या नखांच्या खुणा महिनाभर राहिल्या.

तो तरुण जवळ येऊन उभा होता. रक्त पाहून पांढरा पडला होता. "सॉरी काका," तो म्हणाला, "मला वाटलं ॲक्टिंग चाललीये."

साईनाथने गाडी काढून बद्रीनाथला दवाखान्यात नेलं, सात टाके घालून आणलं आणि आठवडाभर सुट्टी दिली. त्यात त्याने काही कमी केलं नाही. पण त्या दुपारचा व्हिडिओ कुणीतरी टाकला, त्यावर गाणं चढवलं, आणि तो सगळीकडे फिरू लागला. ओढणारा तरुण, तडफडणारा माणूस, टाळ्या. वेणूबाई धावत येते त्याच्या आधी तो संपत होता. साईनाथने तो इंटरनेटवरच्या स्वतःच्या पानावरही लावला. त्याच्या खाली पुढच्या दोन महिन्यांचं बुकिंग भरलं.

प्रियदर्शनी शहरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, होस्टेलवर राहायची. ती पुढच्या शनिवारी बसने आली. सहा वर्षांत तिची भाषा पुण्याची झाली होती. पाणी म्हणताना ती ण स्पष्ट म्हणायची आणि आईबापांशी बोलतानाही तसंच बोलायची. तिने आधी वडिलांची जखम पाहिली. हात धुतले, जुनी पट्टी काढली, औषध लावलं, नवी पट्टी बांधली. इतक्या हलक्या हाताने, की वेणूबाईला वाटलं, पोर चांगली नर्स होणार.

मग ती हात पुसत बसली. म्हणाली, "आमच्या वर्गाच्या ग्रुपवर आला तो व्हिडिओ. शेफालीने टाकला. तिला माहीत नव्हतं."

बद्रीनाथला टाक्यांमुळे बोलता येत नव्हतं.

"कोणीतरी म्हणालं, हे आपल्याच वाघोलीतलं आहे. शेफालीने मला विचारलं, तू तिकडचीच ना, ओळखतेस का या माणसाला. मी म्हटलं, नाही. बाबा, पुढच्या महिन्यात आमचा दिवे लावून शपथ घ्यायचा कार्यक्रम आहे. सगळ्यांचे आईवडील येतात. आई येईल. तुम्ही येऊ नका. आता तर गालावर खूणही राहील. कोणीही ओळखेल."

"पोरी," वेणूबाई म्हणाली.

"मी खरं तेच सांगतेय, आई. मला तिथे अजून दोन वर्षं काढायचीत."

बद्रीनाथने मान हलवली. बरं, अशा अर्थाने. मग उठून पेटीतून हजारेक रुपयांच्या नोटा काढल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या. तिने घेतल्या. बस सुटायला वेळ होता तरी ती लवकर निघाली. कार्यक्रमाच्या दिवशी वेणूबाई एकटी गेली. मागच्या रांगेत बसली. कुणीतरी वडिलांबद्दल विचारलं तेव्हा मुलीने सांगितलं, गावी असतात.

टाके काढल्यावर बद्रीनाथ पुन्हा पाण्यात उतरला, पण आता काहीतरी बिनसलं. गालावर जाड, लाल, ओढलेली खूण होती आणि त्या बाजूचा ओठ वर गेल्यासारखा दिसायचा. पाहुणे त्याला जवळ ओढून आणायचे आणि फोटो न काढताच बाजूला व्हायचे. लहान मुलं घाबरायची. एका गटाने तर साईनाथला बाजूला घेऊन सांगितलं की हे जरा अस्वस्थ करणारं आहे. साईनाथने ते बद्रीनाथला जसंच्या तसं सांगितलं. "तुमचा दोष नाही काका," तो म्हणाला. "पण लोक हसायला येतात."

त्याच सुमारास वेणूबाईच्या धाकट्या भावाचा, योगेशचा, गावाहून फोन आला. तो तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. भाताच्या गिरणीत होता, ती गिरणी बंद पडली होती. त्याने व्हिडिओ पाहिला होता. सगळ्या गावाने पाहिला होता. वेणूबाईला लाज वाटली, पण तो त्याबद्दल काही वाईट बोललाच नाही. त्याने विचारलं, "बाई, तिथं आनखी मानूस लागते का? मी भाऊजीपेक्षा चांगला पोहतो."

तिने नाही म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, हे काम नाही बाबा, हे काम नाही. तो रागावला. म्हणाला, स्वतःचं घर भरलं की बहिणीला भाऊ परका होतो. तिने फोन ठेवला. तेव्हा त्याने बद्रीनाथला फोन केला आणि बद्रीनाथने साईनाथला विचारून त्याला ये म्हणून सांगितलं.

हे तिला कळलं ते योगेश पिशवी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा.

बद्रीनाथने त्याला आठ दिवस शिकवलं. सकाळी गोळे टाकून झाले की योगेश पाण्यात उतरायचा. बद्रीनाथ काठावरून दोरी धरायचा आणि तोंड वाकडं करून सूचना द्यायचा: मान वर ठेव, आधी बुड, मग एकदम उसळ, हात जास्त नाही, पाय. इतकं मन लावून त्याने माशांखेरीज कधी कुणाकडे लक्ष दिलेलं वेणूबाईने पाहिलं नव्हतं. जाकीट योगेशला थोडं सैल होत होतं. बद्रीनाथने तिला पट्टे आवळून द्यायला सांगितलं. तिने दिले नाहीत. त्याने स्वतःच आवळले.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी योगेशचा पहिला खेळ होता. खूप मोठा गट आला होता, धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वेणूबाई तळणाशी होती, तिच्यासमोर तीसेक ताटांची ऑर्डर होती. पाण्यात आरडाओरडा सुरू झाला तरी तिने मान वर केली नाही. योगेशला सवय नव्हती. मधेच त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं, तो ठसकला, हात भलतीकडे फेकू लागला, आणि दोरी ओढणाऱ्याने त्याला तसंच उलटं काठाकडे आणलं, पाय वर, डोकं खाली. लोक पोट धरून हसले. इतका हशा त्या खाणीवर कधी झाला नव्हता.

त्या हशात एक आवाज तिच्या ओळखीचा होता. तिने पाहिलं. बद्रीनाथ धक्क्याच्या कडेला उभा होता, गळ काढायची पक्कड हातात, आणि तो हसत होता. वाकड्या ओठाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कित्येक महिन्यांत तो हसला नव्हता.

तिने सगळी ताटं वाढली. भांडी घासली. संध्याकाळी पाहुणे गेले, योगेश खोकत खोकत अंग पुसत बसला, साईनाथ त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. बद्रीनाथ खोलीत आला तेव्हा ती कपड्यांची घडी घालत होती.

"तुमी हासले," ती म्हणाली.

"सारेच हासत होते."

"माझा भाऊ बुडून राहिला होता."

"मी बी बुडत होतो," बद्रीनाथ म्हणाला. "तवा कोन होतं?"

मी होते, असं ती म्हणाली नाही. कपडे पिशवीत भरून तिने गाठ मारली. तो दारात उभा होता, पण अडवत नव्हता. ती बाहेर पडली तेव्हा अजून उजेड होता. रस्त्याला लागेपर्यंत तिने दोनदा मागे पाहिलं. दोन्ही वेळा तो पाण्याकडे बघत होता.

मुलीच्या कॉलेजजवळच्या एका खानावळीत तिला पोळ्यांचं काम मिळालं आणि माळ्यावर झोपायला जागा. प्रियदर्शनी महिन्यातून एकदा येते, तिच्याबरोबर जेवते आणि जाते. वडिलांचं नाव दोघी काढत नाहीत. योगेश दर महिन्याला गावी पैसे पाठवतो, असं तिला भावजयीकडून कळतं. त्याने चांगलं बस्तान बसवलंय. मागच्या आठवड्यात भावजयीने फोन करून आनंदाने सांगितलं की आपलाही एक भाऊ रिकामा आहे, त्यालाही बोलावून घेणार आहेत, आता दोघांना एकदम पाण्यात सोडायचं ठरलंय. शिकवायला भाऊजी आहेतच.